३५ दिवसांचा शिधा : गोदीजवळच्या एका जहाज-पुरवठादाराविषयी

मुंबईच्या गोदीजवळील ज्या पुरवठादाराकडून आम्ही जहाजावरच्या २२ जणांसाठी ३५ दिवसांचा शिधा भरला, त्याचा कोरडा माल निर्दोष होता: तांदूळ जुना, तूरडाळ बिनकिडीची आणि आमसुले इतकी रसदार की सोलकढी चाखून मुख्य अभियंत्यांनी दुसरी वाटी मागितली. भाजीपाल्याबाबत मात्र त्याला शाबासकी देता येत नाही. कांदे-बटाटे एकाच बंद खोक्यात भरल्यामुळे बाराव्या दिवशी बटाट्यांना मोड आले, आणि पालेभाजी ओलीच बांधल्याने शीतकोठीत ४ अंशांवरही आठवड्याभरात कुजली. लिंबे तेवढी शेवटपर्यंत टिकली. १७४७ मध्ये ब्रिटिश नौदलातील शल्यवैद्य जेम्स लिंड यांनी स्कर्व्हीवर, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने खलाशांना होणाऱ्या रोगावर, लिंबू-संत्र्यांचा गुण दाखवून दिला, आम्ही ती पोह्यांवर पिळली. वजन चोख, दरही रास्त. पण पुढच्या फेरीला भाजी मी स्वतः निवडून घेईन.