1089 की लपवलेला अंक: मनातली संख्या ओळखण्यासाठी कोणता प्रयोग निवडावा?

स्नेहसंमेलनात किंवा सोसायटीच्या गणेशोत्सवात साध्या गणिताच्या आधारे 'मन ओळखण्याचा' एखादा प्रयोग करू पाहणाऱ्याच्या हाती बहुधा दोन पर्याय येतात. पहिला 1089 चा. तीन अंकी संख्या उलट लिहून मोठीतून लहान वजा करायची आणि आलेली वजाबाकी पुन्हा उलटून तिच्यातच मिळवायची. दुसरा लपवलेल्या अंकाचा. कोणत्याही संख्येतील अंकांचा क्रम बदलून वजाबाकी करायची, उत्तरातील एक अंक प्रेक्षकाने मनात लपवायचा आणि उरलेले सांगायचे. दोन्ही प्रयोग मी अनेक वर्षे केले आहेत.

परिणामाचा विचार केला तर 1089 वरचढ आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करावे लागेल. उत्तर 1089 येणार हे आधीच ठाऊक असल्यामुळे ते बंद पाकिटात ठेवता येते. त्याहून सुंदर म्हणजे प्रेक्षकाच्या हाती पुस्तक देऊन दहाव्या पानावरील आठव्या ओळीतला नववा शब्द आपण पुस्तकाकडे न पाहता सांगू शकतो. लपवलेल्या अंकाच्या प्रयोगात शेवटी एकच अंक ओळखला जातो, आणि तो अंदाजाने सांगितला असावा अशी शंका घ्यायला जागा राहते.

तरीही माझा कल बदलला तो एका शून्यामुळे. एका कार्यक्रमात आठ-नऊ वर्षांच्या मुलीने 423 ही संख्या धरली. 423 मधून 324 वजा केल्यावर तिला 99 मिळाले. ते उलटले तरी 99 च, म्हणून तिची बेरीज 198 झाली. पाकिटातून मात्र 1089 निघाले. येथे 99 हे 099 असे लिहून 990 मिळवायला हवे होते, पण शाळेत कोणीही संख्येपुढे शून्य लिहायला शिकवत नाही. तिचे गणित चुकले असे सर्वांना वाटले, प्रत्यक्षात तिने एकही चूक केली नव्हती, आणि हे मला फार लागले. शतक व एकक स्थानच्या अंकांत एकाचा फरक असला की प्रत्येक वेळी असेच होते, कारण वजाबाकी म्हणजे त्या फरकाची 99 पट असते. 'दोन्ही अंकांत किमान दोनचा फरक ठेवा' अशी अट घालता येते, पण अट ऐकताच प्रेक्षक सावध होतो असा माझा तरी अनुभव आहे. मोबाइलवरील कॅल्क्युलेटरही येथे मदतीला येत नाही, कारण तोसुद्धा 99 च दाखवतो.

देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांच्या 6174 चा मोह मराठी माणसाला होणारच. सगळे अंक सारखे नसलेल्या चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून मोठीतून लहान वजा करत राहिले, की शेवटी 6174 येते. परंतु त्यात सातपर्यंत वजाबाक्या कराव्या लागू शकतात आणि शून्याची अडचण तेथेही आहे. 2111 मधून 1112 वजा केल्यावर येणारे 0999 जर 999 असे लिहिले, तर पुढच्याच पायरीला हाती शून्य उरते.

लपवलेल्या अंकाच्या प्रयोगात पुढचे शून्य गळाले तरी काही बिघडत नाही. अंकांचा क्रम कसाही बदलला तरी वजाबाकीला 9 ने निःशेष भाग जातो, म्हणून तिच्या अंकांची बेरीजही 9 च्या पटीत येते, आणि शून्याने बेरीज बदलत नाही. मी प्रेक्षकाला खिशातील नोटेच्या क्रमांकाचे शेवटचे सहा अंक घ्यायला सांगतो. समजा ते 482915 आहेत आणि क्रम बदलून 158249 झाले, तर वजाबाकी 324666 येते. त्याने 4 लपवला, तर उरलेल्यांची बेरीज 23 होते. पुढची 9 ची पट 27, म्हणून उत्तर 4. बेरीज आधीच 9 च्या पटीत आली, तर लपवलेला अंक 9 असतो. त्यासाठी 'शून्य लपवू नका, ते तर रिकामेच असते' एवढी विनंती पुरते, आणि ती कोणाला अट वाटत नाही.

शिवाय 'पुन्हा एकदा करा' ही मागणी आली की 1089 वाल्याला थांबावे लागते, कारण उत्तर तेच येणार. या प्रयोगात मात्र प्रत्येकाचा अंक वेगळा निघू शकतो आणि तिसऱ्या खेपेला अंदाजाची शंकाही मावळते. ज्यांना एकदाच, शेवटचा प्रयोग म्हणून, हातात पुस्तक असलेल्या मोठ्या माणसासमोर काही करायचे आहे, त्यांनी 1089 अवश्य घ्यावा. मुलांसमोर करायचे असेल, तर माझ्या मते लपवलेला अंक अधिक बरा. फक्त उरलेले अंक एकेक करून, सावकाश आणि हव्या त्या क्रमाने सांगायला लावावेत, म्हणजे मनातल्या मनात बेरीज करायला आपल्याला पुरेसा अवधी मिळतो.