जुनी मंगलोरी कौलं: घ्या, पण ठोकून आणि भिजवून

कोकणात जुनी घरं उतरवून स्लॅब टाकले जातायत, त्यामुळे जुनी मंगलोरी कौलं सहज मिळतात. नीट भाजलेलं कौल पन्नास पावसाळ्यांनंतरही दणकट असतं, म्हणून माल घेण्यासारखा आहे. मात्र सगळा लॉट एकाच छपराचा हवा. चार घरांची गोळा केलेली कौलं स्वस्त पडली तरी नकोत. साचे वेगळे असतात आणि रुंदीत चार-पाच मिलिमीटरचा फरक असला, तरी दहा कौलांत तो चार-पाच सेंटिमीटर होतो. मग खालच्या ओळीशी खोबणी जुळत नाही आणि वाऱ्याचा पाऊस थेट माळ्यावर येतो.

कौलावर १८६५ दिसलं की 'दीडशे वर्षांचा माल' म्हणून भाव चढतो. ते साल बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनचा मंगळूरचा कारखाना सुरू झाल्याचं. आल्बुकर्क या दुसऱ्या कारखान्याच्या कौलांवरचं १८६८ही तसंच. ठशावरून कारखाना ओळखावा, वय नाही.

तपासणी सोपी आहे. कौल एका हातात लोंबतं धरून बोटाच्या पेराने ठोका: खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर आत तडा आहे. रिपेवर, म्हणजे कौलं टेकतात त्या आडव्या लाकडी पट्टीवर, अडकणारे खालचे उंचवटे शाबूत हवेत. ते तुटलेलं कौल फक्त कडेला कापून वापरायला. मग लॉटमधली पाच-सहा कौलं सुकी तोलून २४ तास पाण्यात ठेवा. अडीच किलोचं कौल अर्ध्या किलोहून जास्त पाणी प्यायलं तर लॉट सोडा. खाऱ्या वाऱ्यातल्या घरांची कौलं पापुद्रे सुटलेली असतात, तीही नकोत. चुलीवरची काजळी मात्र दोष नव्हे.

एका चौरस मीटरला साधारण १५ कौलं लागतात. १०० चौरस मीटरच्या छपराला १५००, पण १७०० घ्या. छपरावरच्या १५०० कौलांचं वजन पावणेचार टन भरतं आणि पावसात भिजून ते आणखी वाढतं. पत्र्यासाठी घातलेल्या बारीक वाशांवर ही कौलं चढवली, तर आढं वाकलंच म्हणून समजा.

सर्वात जास्त नुकसान होतं ते उतरवताना. आधी कोने, म्हणजे आढ्यावरची कौलं, सोडवायचे, मग वरच्या ओळीपासून खाली, हातोहात. ट्रकमध्ये कौलं उभी, मध्ये पेंढा. डंपरने ओतलेला माल फुकट मिळाला तरी महाग. कोने चुन्यात बसवलेले असतील तर छिन्नीने सुटतात. सिमेंटमध्ये असतील तर निम्मे फुटतील असं धरून वेगळे विकत घ्या.

शेवाळ काथ्याच्या ब्रशने आणि साध्या पाण्याने काढा. प्रेशर वॉशरने वरचा भाजलेला थर उडतो आणि कौल पाणी प्यायला लागतं. ऑइलपेंट तर नकोच, ओल आत कोंडून तो सोलतो.

रिपा मारण्याआधी ११ कौलं जमिनीवर उभ्या ओळीत अडकवा. पहिल्याच्या खालच्या कडेपासून अकराव्याच्या खालच्या कडेपर्यंत एकदा ताणून, एकदा दाबून मोजा. दोन्ही मापांची सरासरी भागिले १० म्हणजे रिपांचं अंतर. जुन्या घराचं किंवा सुताराच्या तोंडचं माप लावू नका. काचेची कौलं घेताना जुनं एक कौल दुकानात सोबत न्या, कारण हल्लीच्या काचा जुन्या खोबणीत बसतीलच असं नाही.