'इलमॅटिक' की 'ऑल आइज ऑन मी'?

एकही गाणं पुढे न ढकलता ऐकता येतो, तो अल्बम क्लासिक. या कसोटीवर न्यूयॉर्कचा रॅपर नासचा 'इलमॅटिक' (१९९४) उजवा. सलामीचा तुकडा धरून १० ट्रॅक, जेमतेम ४० मिनिटं. बीट (रॅपखालचं संगीत) डीजे प्रीमियर, पीट रॉक, क्यू-टिप अशा वेगवेगळ्या निर्मात्यांच्या हातांचे, तरी क्वीन्सब्रिज ही नासची न्यूयॉर्कमधली वस्ती सगळीकडे दिसते. पाहुणा रॅपर एकच, एझी. तो ज्यात आहे, त्याच गाण्याच्या अखेरीस नासचे वडील ओलू दारा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) वाजवतात, तो तुकडा नक्की ऐका.

रॅपर टूपाकचा 'ऑल आइज ऑन मी' (१९९६) दोन सीडींचा, २७ गाणी, दोन तासांहून मोठा. आवाजातली धग जबरदस्त, पण दुसऱ्या सीडीवर पकड सैल होते.

जळगाव-धुळ्याकडे अहिराणीत रॅप करणाऱ्यांनी 'इलमॅटिक'ची वाट धरावी. १५ गाणी लिहा, ९ ठेवा. सारख्या टेम्पोची दोन गाणी शेजारी नकोत. रावेरच्या केळीबागांचं जग निवडलंत, तर शेवटपर्यंत तिथेच राहा. मिक्समध्ये रॅपरच्या आवाजाला ८०-१०० हर्ट्झखाली कट द्या. बेस फार चढवला की लिमिटर (आवाजाची पातळी ठरावीक मर्यादेत रोखणारं साधन) सगळंच दाबतो आणि ओळीच्या शेवटचं 'शे' (अहिराणीतलं 'आहे') गिळलं जातं.