लिनक्स मिंट एक्सएफसीई: सांगलीच्या पेढीवरच्या जुन्या पीसीला चालेल का?

मार्केट यार्डात हळदीच्या हिशोबपट्ट्या काढायला ठेवलेल्या ४ जीबी रॅमच्या जुन्या पीसीला लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टीमची ही एक्सएफसीई डेस्कटॉपवाली आवृत्ती छान झेपते. हलकी, फुकट. दुखणी दोनच: खिडक्यांची चौकट आणि टास्कबार, म्हणजे इथलं 'पॅनेल'.

खिडकीची वरची पट्टी बटणांसकट गायब झाली, तर विंडो मॅनेजर, म्हणजे खिडक्यांच्या चौकटी सांभाळणारा प्रोग्राम, बंद पडलाय. ऑल्ट+एफ२ दाबून 'xfwm4 --replace' ही कमांड चालवा. टर्मिनलमधून (कमांड टाइप करायच्या खिडकीतून) चालवलंत तर टर्मिनल बंद करताच चौकटी पुन्हा जातात, आणि मग लोक मिंटला शिव्या घालतात! दर लॉगिनला हेच होत असेल तर बिघडलेलं सेशन, म्हणजे मागच्या वेळी चालू असलेल्या प्रोग्रामची नोंद, जतन झालंय. सेटिंग्जमधल्या 'सेशन अँड स्टार्टअप'मध्ये जाऊन जतन सेशन पुसा. लॉगआउट करताना 'सेव्ह सेशन'ची खूणही काढा.

पॅनेलचं जरा किचकट. अचानक लाइट गेली की त्याची सेटिंगची फाइल अर्धवट राहू शकते. नुसती ती उडवून भागत नाही, कारण 'एक्सएफकॉन्फडी' (xfconfd) हा सेटिंग सांभाळणारा प्रोग्राम जुनी सेटिंग मेमरीत धरून बसतो. आधी 'xfce4-panel --quit' चालवा, मग 'pkill xfconfd', मग त्या फाइलचं नाव बदला (पुसू नका), शेवटी पॅनेल सुरू करा. मूळ मांडणी येते, पण स्वतः लावलेले शॉर्टकट जातात. एवढं व्हायला नको होतं. इथे एक तारा कापला.

पाचापैकी चार. यूपीएस मात्र लावाच.