ऑप्टिमायझेशनची हौस असेल तर कोणता खेळ? डी अँड डी पाचवी आवृत्ती आणि पाथफाइंडर दुसरी आवृत्ती

टेबलाभोवती बसून, फासे टाकून पात्रं रंगवायच्या खेळाच्या नव्या कॅम्पेनसाठी, म्हणजे अनेक सेशन्स चालणाऱ्या साहसकथेसाठी, ग्रुप जमला आहे आणि पात्राच्या शीटवरचे आकडे जुळवत बसण्यात (हेच ऑप्टिमायझेशन) तुम्हाला मनापासून आनंद मिळतो, असं धरून चालतो. निवड बहुतेक वेळा दोन खेळांत होते: डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती (२०१४, नंतर २०२४ मध्ये सुधारलेली) आणि पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती (२०१९). दोन्हीकडे वीस बाजूंचा फासा, दोन्हीकडे लेव्हल १ ते २०, दोन्हीकडे फायटर आणि विझार्ड असे क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार. तरी भारी बिल्ड, म्हणजे पात्राची घडण, कशाला म्हणायचं, याचं उत्तर दोघांचं वेगळं आहे. डी अँड डीत पात्र घरी बसून, एकट्याने ताकदवान करता येतं. पाथफाइंडरमध्ये ते टेबलावर, सोबत्यांच्या साथीने, दर फेरीला करावं लागतं. निवडताना मी सगळ्यात जास्त वजन याच फरकाला देईन.

डी अँड डीचं सगळ्यांच्या तोंडी असलेलं उदाहरण म्हणजे २०१४ च्या नियमांतली ग्रेट वेपन मास्टर ही फीट, म्हणजे पात्रासाठी निवडून घेता येणारी खास करामत. हल्ल्याच्या फाशातून ५ वजा करायचे, लागला तर डॅमेजमध्ये १० मिळवायचे. पाचव्या लेव्हलचा फायटर घ्या: स्ट्रेंथ १८, हल्ल्याला +७, हातात ग्रेटस्वोर्ड, म्हणजे सरासरी डॅमेज ११. समोरच्याचा आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला फासा आणि बोनस मिळून गाठायचा आकडा, १५ असेल तर साधा वार ६५ टक्के वेळा लागतो आणि क्रिटिकल (जास्त डॅमेज करणारे खास वार) बाजूला ठेवले तर सरासरी ७.१५ पडते. फीट वापरली तर वार ४० टक्केच लागतो, पण सरासरी ८.४ होते. आर्मर क्लास १८ झाला की गणित उलटतं: साधा वार ५.५, फीटचा ५.२५. आता अ‍ॅडव्हांटेज मिळवा, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घ्या. १५ च्याच आर्मर क्लासवर साध्या वाराची सरासरी ९.६५ आणि फीटची तब्बल १३.४४. बार्बेरियन या क्लासला रेकलेस अटॅकमुळे अ‍ॅडव्हांटेज हवं तेव्हा मिळतं, त्यामुळे ही जोडी इतकी गाजली. हे सगळं तुम्ही पहिल्या सेशनच्या आधी वहीत मांडू शकता, आणि टेबलावर ते बरंचसं तसंच घडतं.

मल्टिक्लासिंगची, म्हणजे एकाच पात्रात दोन क्लास मिसळण्याची, मजाही याच जातीची. वॉरलॉक या क्लासच्या, २०१७ मध्ये आलेल्या हेक्सब्लेड या सबक्लासची (उपप्रकाराची) एकच लेव्हल पॅलाडिन या धर्मयोद्ध्याने घेतली की एकहाती शस्त्राचा वार करिश्मा या गुणावर चालतो. पॅलाडिनचे स्पेल्स करिश्म्यावर, सहाव्या लेव्हलला सोबत्यांच्या सेव्हिंग थ्रोला (संकट टाळायच्या फाशाला) बळ देणारा ऑरा करिश्म्यावर, आता तलवारही करिश्म्यावर. स्ट्रेंथ १३ मात्र ठेवावी लागते, मल्टिक्लासची ती अटच आहे. अशा सांध्या शोधून काढण्यात जो थरार आहे, तो पाथफाइंडर देत नाही. तिथे दुसऱ्या क्लासची चव दुसऱ्या लेव्हलपासून डेडिकेशन फीट घेऊन मिळते. तुमचा मूळ क्लास तोच राहतो आणि त्या आर्किटाइपच्या (फीट्सच्या त्या गटाच्या) आणखी दोन फीट्स घेतल्याशिवाय पुढचं डेडिकेशन घेता येत नाही.

२०२४ च्या डी अँड डीने यातली बरीच धार काढून घेतली. ग्रेट वेपन मास्टरमधला वजा ५, अधिक १० चा सौदा गेला, पॅलाडिनच्या वाराला जादा डॅमेज जोडणारा डिव्हाइन स्माइट बोनस अ‍ॅक्शन (फेरीतली एक जादा कृती) खाणारा स्पेल झाला. खेळ त्यामुळे समतोल झाला, हे मला मान्य आहे. पण जुनी गाजलेली बिल्ड्स डोक्यात ठेवून येणार असाल तर ग्रुप कोणत्या वर्षाचे नियम वापरणार ते आधी विचारा. २०१४ मध्ये तर फीट्स आणि मल्टिक्लासिंग दोन्ही कागदोपत्री ऐच्छिक होत्या, त्यामुळे डीएमचा (खेळ चालवणाऱ्याचा) होकार घेतल्याशिवाय वही उघडण्यात अर्थ नाही.

पाथफाइंडरची मेख क्रिटिकलमध्ये आहे. लक्ष्याच्या आकड्याहून १० ने जास्त पडलं की वार क्रिटिकल, डॅमेज दुप्पट. म्हणून एकेका आकड्याची किंमत दुहेरी: +१ मिळाला की साधारणपणे वार लागण्याची शक्यताही ५ टक्क्यांनी वाढते आणि क्रिटिकलचीही. इथला पाचव्या लेव्हलचा फायटर बघा. लेव्हलचे ५, मास्टर प्रावीण्याचे ६, स्ट्रेंथचे ४, शस्त्रावरच्या रूनचा (जादुई खुणेचा) १, एकूण +१६. ग्रेटस्वोर्डवर डॅमेज वाढवणारी स्ट्राइकिंग रून असेल तर सरासरी डॅमेज १७. आर्मर क्लास २२ असलेल्या शत्रूवर पहिल्या वाराची सरासरीही १७ च येते. आता रोग (Rogue, चोरट्या चालीचा क्लास) समोरच्या बाजूला जाऊन फ्लँक करतो, म्हणजे शत्रूला दोघांच्या मधे धरतो, आणि शत्रूचा आर्मर क्लास २ ने उतरतो. बार्ड (गायक क्लासचा सोबती) डिमॉरलाइझ करून त्याला घाबरवतो, आणखी १ गेला. त्याच फायटरची, त्याच तलवारीची सरासरी २२.१ होते. शीटवर एक अक्षरही बदललेलं नाही. शिवाय घाबरल्याची सूट त्या शत्रूवर तुटून पडणाऱ्या बाकीच्यांनाही मिळते.

शीटवर मात्र हा खेळ तुम्हाला फार उंच जाऊ देत नाही. एकाच प्रकारचे बोनस एकमेकांत मिळत नाहीत, त्यातला मोठा तेवढा धरायचा. मुख्य गुण +४ ने सुरू केला आणि रून्स वेळेवर मिळाल्या की तुम्ही जवळजवळ छताला टेकलेले असता. पुढच्या फीट्स नवे पर्याय देतात, आकडे फारसे वाढवत नाहीत. दर लेव्हलला काहीतरी निवडायचं असतं, त्यातल्या स्किल फीट्स बऱ्याचदा किरकोळ वाटतात. स्पेलकास्टर्सचे सुरुवातीचे दिवस रूक्ष जातात, कारण तगडे शत्रू सेव्ह करून बसतात. आणि जीएमने (पाथफाइंडरमधला डीएम) जादूची शस्त्रं द्यायला उशीर केला तर सगळं गणित कोसळतं. मग ऑटोमॅटिक बोनस प्रोग्रेशन हा, बोनस लेव्हलनुसार आपोआप देणारा पर्यायी नियम लावून घ्यावा.

तरीही ज्या ग्रुपमध्ये एकट्यालाच आकड्यांची हौस आहे, तिथे मी बेधडक पाथफाइंडर सुचवेन. २०१४ च्या डी अँड डीत एकाने पोलआर्म मास्टर आणि ग्रेट वेपन मास्टर या फीट्स जोडून फायटर आणला आणि दुसऱ्याने आवडला म्हणून कमकुवत मानला जाणारा फोर एलिमेंट्सचा मंक घेतला, तर त्या मंकवाल्या मित्राच्या वाट्याला लढाईत काय उरतं? हा अन्याय मला खुपतो. कथेच्या ओढीने आलेल्या माणसाला आकड्यांची शिक्षा का व्हावी? पाथफाइंडरमध्ये ही दरी लहान आहे, आणि नियम पाठ असलेला खेळाडू स्वतः चमकण्याऐवजी सगळ्या टेबलाला चमकवतो. निवड चुकली तर मोकळ्या वेळात रीट्रेनिंग करून फीट बदलायची सोय मूळ नियमांतच आहे.

पैशाचा मुद्दाही तिकडेच झुकतो. पाथफाइंडरचे नियम, अगदी सगळ्या फीट्ससकट, आर्काइव्ज ऑफ नेथिस या साइटवर अधिकृतपणे फुकट वाचता येतात. डी अँड डीचा २०१४ चा मोफत नियमसंच आहे, पण त्यात प्रत्येक क्लासचा एकच सबक्लास आणि फीट एकच, ग्रॅपलर. ऑप्टिमायझरला जे हवं ते नेमकं विकतच्या पुस्तकांत. कॉलेजच्या ग्रुपला हा फरक मोठा आहे.

चौघं-पाचही जण बिल्डवेडे असतील, पुस्तकं हाताशी असतील आणि डीएम त्या ताकदीला पुरून उरणारा असेल, तर २०१४ ची डी अँड डी घ्या. ती रात्र-रात्र जागवते. बाकी सगळ्यांनी पाथफाइंडरची एक छोटी साहसकथा खेळून पाहावी. तुम्ही फायटर घ्या, इंटिमिडेशन शिका, दुसऱ्या लेव्हलला इंटिमिडेटिंग स्ट्राइक उचला, म्हणजे वार लागला की शत्रू घाबरतोही. शेजारच्याला रोग घ्यायला सांगा: तुम्ही दोघं शत्रूच्या दोन बाजूंना उभे राहिलात की त्याचा जादा डॅमेज देणारा स्नीक अटॅक आपोआप चालू होतो.