खाडीवरच्या पुलाला सळई कोणती: साधी, लेपाची की स्टेनलेस?

खाडीवर पूल मंजूर झाला की गावात नकाशा बघायला गर्दी होते. एस्टिमेटातली सळईची ओळ मात्र फार थोडे जण वाचतात. कोकणातल्या पुलाचं आयुष्य बरंचसं त्याच ओळीत ठरतं. तुम्ही पंचायतीत असा, नवखे ज्युनिअर इंजिनिअर असा, की सल्लागाराने मांडलेल्या पर्यायांवर मत द्यायची पाळी आलेली असो, हा हिशेब एकदा स्वतः करून बघा.

आधी खांब सडतो कुठे ते पाहू. जो भाग कायम पाण्याखाली असतो, त्याला प्राणवायू कमी मिळतो आणि गंज सावकाश चढतो. कालवं चिकटलेल्या पट्ट्याच्या वर भरतीची लाट आपटते, मग ऊन लागून सगळं सुकतं. तिथे मीठ साठत जातं आणि हवाही भरपूर असते. तपकिरी ओघळ आणि सुटलेले पोपडे बहुतेक याच पट्ट्यात दिसतात. गंजाला मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा लागते, म्हणून काँक्रीट आतून फुटतं.

पहिला पर्याय साध्या टीएमटी (बांधकामात नेहमी वापरतात त्या) सळईचा, पण जाड कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, आणि भट्टीची मळी मिसळलेल्या स्लॅग सिमेंटसह. आयआरसी ११२ ही काँक्रीट पुलांची भारतीय संहिता नेहमीच्या पुलाचं आयुष्य १०० वर्षं धरते आणि भरती-ओहोटीच्या भागाला ७५ मिमी कव्हर मागते, पाणी-सिमेंट प्रमाण ०.३५ च्या वर जाऊ देत नाही. मीठ आत शिरतं ते साधारण काळाच्या वर्गमुळाच्या हिशेबाने. म्हणजे कव्हर ५० चं ७५ केलं, दीडपट, तर मीठ सळईपर्यंत पोचायला सव्वादोन पट वेळ लागतो. एवढ्या स्वस्तात एवढी वर्षं देणारं दुसरं काही पुलात मला दिसत नाही.

पण नकाशावरचं ७५ खांबात उतरतं का? विश्वासार्हतेचा अभ्यास इथेच कामाला येतो. प्रत्यक्षातलं कव्हर सरासरीच्या आसपास हेलकावतं. प्रमाण विचलन (सरासरीपासूनचा नेहमीचा फरक) १० मिमी धरलं, तर शंभरातल्या दोनेक जागी ते ५५ पेक्षाही कमी भरतं, आणि त्या जागी मीठ जवळजवळ निम्म्या वेळात पोचतं. गंज सरासरीची वाट बघत नाही, तो तिथूनच सुरू होतो. म्हणून ‘किती वर्षं टिकेल’ याला एक आकडा सांगणाऱ्यापेक्षा ‘अमुक वर्षांत गंज सुरू होण्याची शक्यता किती’ हे सांगणाऱ्याचं ऐका. फिब या आंतरराष्ट्रीय काँक्रीट संघटनेच्या २००६ च्या नमुना संहितेत गंज सुरू होण्यासाठी विश्वासार्हतेचा निर्देशांक (जेवढा मोठा, तेवढी धोक्याची शक्यता कमी) १.३ आहे, म्हणजे शंभरात दहा शक्यता चालते. कोसळण्यासाठी युरोपीय संहिता ५० वर्षांना ३.८ मागते, म्हणजे लाखात सात. डाग पडणं आणि पूल पडणं यांत केवढं अंतर धरलेलं असतं ते यावरून कळेल.

या पर्यायाचा खरा कस क्युअरिंगला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवून पिकवायला, लागतो. स्लॅग सिमेंट सावकाश पिकतं, त्याला जास्त दिवस गोडं पाणी लागतं. काम नेमकं एप्रिल-मेमध्ये जोरात असतं, तेव्हा वाडीला प्यायलाच पाणी नसतं. टँकरची तरतूद एस्टिमेटात नसेल तर कुणीतरी खाडीचं पाणी मारणार. मी एका साइटवर ते होताना पाहिलंय आणि थांबवायला उशीर झाला याचं आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या पर्यायावर, एपॉक्सी लेपाच्या सळईवर, फार वेळ घालवणार नाही. फ्लोरिडा कीजमधल्या सेव्हन माइल पुलासह काही समुद्री पुलांत हीच सळई वापरली होती आणि १९८६ मध्ये, बांधून दहा वर्षंही झाली नसताना, लेपाखाली गंज सापडला. चढवताना, वाकवताना लेपाला ओरखडे पडतात, त्यात आपल्याकडे उन्हात महिनोन्महिने पडून राहणं. खाडीच्या खांबासाठी मी ती सुचवणार नाही.

तिसरा पर्याय स्टेनलेसचा. मेक्सिकोतल्या प्रोग्रेसो बंदराचा धक्का १९४१ च्या सुमारास स्टेनलेस सळईने बांधून झाला आणि अजून कामात आहे. त्याच्या शेजारी नंतर साध्या सळईने बांधलेला धक्का मात्र ढासळला. अडचण फक्त किमतीची, म्हणून सगळ्या पुलात ती घालू नका, लाटा आपटणाऱ्या पट्ट्यात घाला. साध्या सळईला जोडली तर गंज वाढेल ही भीती फारशी खरी नाही.

आता पैसे. आकडे उदाहरणापुरते. समजा पूल १० कोटींचा. त्या पट्ट्यात २० टन सळई. साधी ७० रुपये किलो, स्टेनलेस पाचपट, ३५० रुपये. जादा खर्च ५६ लाख. साध्या सळईला २५ व्या वर्षी दीड कोटीची दुरुस्ती लागेल असं धरू. पुढच्या खर्चाचं आजचं मोल काढायला वार्षिक दर लावतात; ८ टक्के दराने ते होतं २२ लाख, ४ टक्क्यांनी ५६ लाख. म्हणजे पुलाचा निर्णय एका टक्केवारीवर फिरतो. आणि इथे एक चूक सर्रास होते: दुरुस्तीचा खर्च आजच्या भावाने लिहायचा आणि दर मात्र बँकेचा लावायचा. आजचा भाव घेतलात तर दरातून महागाई वजा करावीच लागते.

त्यात आपल्या लोकांचा खर्च घाला. दुरुस्तीत पूल ९० दिवस बंद, रोज १,००० गाड्या, ४० किमीचा वळसा, किलोमीटरला १० रुपये: ३ कोटी ६० लाख. ८ टक्क्यांनीही आजचे साडेबावन्न लाख. दुरुस्तीचे २२ मिळवले की साडेचौऱ्याहत्तर, म्हणजे स्टेनलेस जिंकली. शाळेची पोरं, डायलिसिसला जाणारा माणूस, मासळीचा टेम्पो यांचा वळसा सरकारी पत्रकात दिसत नाही, पण तो कुणीतरी भरतोच.

मात्र सळईवर सगळं सोपवून चालणार नाही. पणजीचा मांडवी पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला, तो ताणलेल्या केबल गंजल्यामुळे. साधी सळई ओघळ आणि पोपडे दाखवून आधी सांगते, बंद नळीतली केबल बहुधा सांगत नाही. गर्डर (खांबांवरची तुळई) प्रीस्ट्रेस्ड, म्हणजे अशा ताणलेल्या केबलचा असेल, तर नळ्यांचं ग्राउटिंग, म्हणजे त्यांत सिमेंटची पेस्ट भरणं, स्वतः उभं राहून बघा. आणि २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीच्या पुरात ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला. तिथे सळईचा प्रश्नच नव्हता. पायाखालची वाळू जिथे उपसली जाते, तिथे स्टेनलेसवर पैसे घालण्याआधी तळ मोजा.

माझं मत विचाराल तर खाडीच्या तोंडाशी, जिथे वळसा लांबचा आहे, तिथे लाटांच्या पट्ट्यात स्टेनलेस आणि बाकी साधी. आतल्या अंगाला, वाहतूक तुरळक असेल तर साधी सळई आणि प्रामाणिक ७५ मिमी पुरेसं. दोन्हीकडे निविदेत एक अट लिहून घ्या: शेवटचं बिल निघण्याआधी प्रत्येक खांबाचं कव्हर मीटरने मोजायचं आणि आकडे पंचायतीच्या दप्तरी ठेवायचे.