टॉवर गच्चीवर की प्लॉटवर?

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या काकांपुढे पेच आहे: मोबाइल टॉवरसाठी घराची गच्ची द्यावी की शिरोलीकडचा मोकळा प्लॉट? भाड्याचा आकडा तूर्त बाजूला ठेवू.

वजन: गच्चीवर खांब आखूड असतात, कारण उंची इमारतच देते. पण बॅटऱ्या, कॅबिनेट यांचा भार लोखंडी बीमवरून थेट कॉलमवर उतरायला हवा, नुसत्या स्लॅबवर नाही. जुन्या घराचा स्ट्रक्चरल दाखला (इमारत हा भार पेलेल असा इंजिनिअरचा दाखला) घेतल्याशिवाय सही करूच नका. बोल्टभोवतीचं वॉटरप्रूफिंगही करारात लिहून घ्या, कोल्हापूरचा पाऊस फट सोडत नाही. प्लॉटवर ही काळजी नाही. तिथं पाया स्वतंत्र असतो.

पूर: इथं मात्र गच्ची सरस. जमिनीवरच्या टॉवरचे अँटेना वर, पण ४८ व्होल्टचा पॉवर प्लांट (टॉवरच्या उपकरणांना वीज पुरवणारा संच), बॅटऱ्या, जनरेटर सगळं पायथ्याशी. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगा कुठवर आली होती ते बघा आणि चौथरा त्याहून उंच मागा. गच्चीच्या साइटचा जनरेटरही बऱ्याचदा खाली अंगणातच बसवतात, हे विचारून घ्या.

त्रास: लाइट गेली की जनरेटरचा आवाज, रात्री-अपरात्री तंत्रज्ञ जिन्यातून वर. प्लॉटवर हे शेजाऱ्यांपासून लांब राहतं.

घर नवं, कॉलम भक्कम असतील तर गच्ची चालेल. घर जुनं किंवा वर मजला चढवायचा विचार असेल तर प्लॉटच द्या, पूररेषेबाहेर असेल तरच.